इंधननळीला छिद्र कोणी पाडले? अडचणीच्या जागेतील दुरुस्तीपूर्वीचे निदान आणि दक्षता

आंब्यावरील तुडतुड्यांच्या पाहणीसाठी काही दिवस मलिहाबादच्या आंबापट्ट्यात जाणे-येणे होते आणि मुक्काम लखनौच्या अलीगंज भागात होता. ज्या घरी उतरले होते, तेथे लोखंडी फाटकाच्या आत जेमतेम एका मोटारीपुरती जागा होती. तिन्ही बाजूंना भिंती आणि वर सज्जा. एके सकाळी घरमालकांच्या पेट्रोल मोटारीजवळ उग्र वास येऊ लागला आणि मागच्या चाकाशी ओला डाग दिसला. मेकॅनिक आला, गाडीची मागची बाजू जॅकवर उचलून तिच्याखाली सरकला. टाकीच्या बाजूने वर जाणारी काळी नायलॉनची नळी फुटली होती आणि तेथे दोन बोटे शिरतील एवढीच जागा होती. अंधार असल्यामुळे त्याने साध्या पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प सोबत घेतला होता. तो दिवा जमिनीवर, पेट्रोलचे थेंब पडत होते तेथून हातभर अंतरावर जळत होता.

दिव्याचे बटण घराच्या आत होते, ते तेथूनच बंद केले. मेकॅनिकला बाहेर यायला सांगितले, जॅक उतरवला आणि चौघांनी मिळून गाडी ढकलत गल्लीत, मोकळ्या हवेत आणली. त्या गृहस्थाने राग मानला नाही. कापून काढलेला नळीचा तुकडा त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चूहे का काम है, मॅडम." दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा शेजारीशेजारी जाणाऱ्या दोन-दोन समांतर खाचा स्पष्ट दिसल्या. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला अशा ठिकाणी भुंगेरा सापडावा अशी सुप्त इच्छा असतेच. येथे मात्र मेकॅनिकचे निदान बरोबर होते. चुकली ती पुढची गोष्ट. त्याने तुटलेल्या जागी गवंडी वापरतात तशी पारदर्शक लेव्हलची नळी चढवली आणि दोन्ही बाजूंना जुबली क्लिपा आवळल्या. चौथ्या दिवशी वास परत आला. नळी पिवळसर आणि कडक झाली होती, क्लिपा बोटांनी फिरत होत्या.

हा प्रसंग शहरातील मोटारीचा असला तरी अशी नळी आपल्या शेतावर सर्वत्र आहे: मोटारसायकल, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, ब्रश कटर, पॉवर वीडर, ट्रॅक्टरची डिझेल टाकी. फवारणी पंपाच्या बाबतीत तर गळणारी नळी आणि तापलेला सायलेन्सर हे दोन्ही माणसाच्या पाठीला बांधलेले असतात. म्हणून या लेखात आधी छिद्राचे निदान आणि मग दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे. पिकावरील छिद्र पाहून आपण लगेच औषध सांगत नाही, कीड ओळखतो. नळीचेही तसेच आहे. कारण कायम राहिले, तर नवी नळीही त्याच जागी फुटते.

छिद्राचे निदान

नळी फुटण्याची कारणे मुख्यतः चार: उंदीर, भुंगेरा, घर्षण आणि वय. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती कापलेल्या तुकड्यावर साध्या भिंगाने ओळखता येते.

उंदराच्या खुणेबद्दल ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. लॅटरलवर दिसतात तशाच दुहेरी खाचा, कडा ओबडधोबड आणि आसपास कुरतडलेला चुरा. उंदीर पेट्रोलसाठी नळी कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावे लागते. उबदार बॉनेट आणि टाकीवरची बंदिस्त पोकळी त्याला घरट्यासाठी सोयीची वाटते. जवळ लेंड्या, कापसाचे बोळे, धान्याची टरफले दिसली तर शंका उरत नाही. मात्र एक काळजी घ्यावी: जेथे नळी कुरतडली आहे तेथे विजेच्या तारांचे आवरणही तपासावे. उघडी तार आणि गळती एका जागी आल्या तर पेटायला बाहेरच्या ठिणगीची गरज उरत नाही.

भुंगेऱ्याचे छिद्र अगदी निराळे असते. गोल, स्वच्छ कडांचे, टाचणीने टोचल्यासारखे, व्यास साधारण एक ते दोन मिलिमीटर. केरळमध्ये पेट्रोल वाहनांना आगी लागण्याच्या घटनांच्या निमित्ताने २०२३ च्या सुमारास इंधननळ्यांना छिद्रे पाडणाऱ्या लहान भुंगेऱ्यांची चर्चा झाली आणि पेट्रोलमधील इथेनॉलकडे बोट दाखवले गेले. अनेकांना ही गोष्ट तेव्हा अजब वाटली. प्रत्यक्षात या भुंगेऱ्यांचा स्वभाव पाहता त्यात नवल नाही.

अँब्रोसिया भुंगेरे या नावाने ओळखला जाणारा हा गट लाकूड खात नाही. मादी खोडात बोगदा पाडते, सोबत आणलेल्या बुरशीची त्यात लागवड करते आणि तिची पिल्ले त्या बुरशीवर वाढतात. अशी शेती करण्यासाठी तिला ताण पडलेले झाड हवे असते. पाणी साचून मुळांना प्राणवायू कमी पडला, की झाडाच्या ऊतींमध्ये इथेनॉल तयार होते आणि खोडातून त्याचा गंध बाहेर पडतो. झायलोसँड्रस गटातील मादी संध्याकाळच्या सुमारास या गंधाच्या दिशेने उडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे आणखी एक कारण पुढे आले: इथेनॉल तिच्या अन्नबुरशीच्या वाढीला पोषक ठरते आणि स्पर्धा करणाऱ्या इतर बुरशींना रोखते. म्हणजे या कीटकासाठी इथेनॉलचा वास ही चांगल्या जमिनीची खूण आहे. रोपवाटिकांमध्ये या भुंगेऱ्यांच्या सर्वेक्षणासाठी इथेनॉलचे सापळे लावतात ते याच आधारावर.

आता रबरी नळीकडे पाहू. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे सूक्ष्म बाष्प नळीच्या भिंतीतून अखंड झिरपत असते. साध्या पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणात हे झिरपणे वाढते. काळी, उबदार, फांदीच्या जाडीची आणि इथेनॉलचा गंध देणारी वस्तू मादीला ताण पडलेल्या फांदीसारखीच भासते. तिचे जबडे लाकूड कोरण्यासाठीच घडलेले आहेत. मऊ रबर त्यांना जड नाही. आत ना लाकूड, ना बुरशीला जागा, त्यामुळे तिचा वंश तेथे वाढत नाही. फसलेली मादी मरते किंवा निघून जाते, छिद्र मात्र मागे राहते. भारतात इथेनॉल मिश्रणाचे १० टक्क्यांचे लक्ष्य २०२२ च्या जूनमध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आपल्या उसाचे इथेनॉल आपल्याच गाडीत परत येते आहे, त्यासोबत ही एक नवी नोंद कीटकशास्त्रज्ञांना ठेवावी लागेल.

सांगोला, आटपाडी भागातील डाळिंब उत्पादकांना खोडावरील टाचणीएवढी छिद्रे चांगलीच परिचयाची आहेत. ते भुंगेरे याच मोठ्या गटातील असले तरी सर्वांची इथेनॉलकडे सारखीच ओढ असते असे समजू नये; युवॅलेसिया फॉर्निकेटस गटातील भुंगेरे क्वेर्सिव्हेरॉल या वेगळ्या गंधाकडे अधिक वळतात. म्हणून डाळिंबाची बाग शेजारी आहे म्हणजे गाडीची नळी धोक्यात आहे, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. छाटलेल्या फांद्या आणि ओल्या जळणाचे ढीग मात्र या गटातील अनेक प्रजातींना वाढीसाठी उपयोगी पडतात. पेट्रोल वाहने आणि फवारणी पंप अशा ढिगांपासून दूर ठेवावेत.

घर्षणाची खूण एकाच बाजूला चपटी, घासून चकचकीत झालेली असते. तेथे नळीचा आधार देणारी क्लिप तुटलेली आढळते. वय झालेली नळी बोटांत वाकवली की आडव्या बारीक भेगा उघडतात, किंवा ती फुगून चिकट लागते. जुन्या यंत्रांच्या नळ्या इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या. २०२३ च्या एप्रिलपासून वाहनांचे भाग २० टक्के मिश्रणाला टिकतील असे असावेत, हे धोरण ठरले. त्यापूर्वीच्या वाहनांच्या आणि विशेषतः जुन्या दोन-स्ट्रोक फवारणी पंपांच्या नळ्यांवर अधिक लक्ष हवे. फवारणी पंपाच्या बाबतीत एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ईसी स्वरूपातील अनेक कीटकनाशकांमध्ये पेट्रोलियम वर्गातील विद्रावक असतात. औषध ओतताना ते नळीवर सांडले आणि तसेच वाळले, तर रबर बाहेरूनही खराब होते.

नळी शाबूत आहे, तरी इंजिन थोडा वेळ चालून बंद पडते आणि झाकण सैल करताच पुन्हा चालते, असे असेल तर नळी कापण्यापूर्वी टाकीचा श्वासमार्ग पाहावा. कुंभारीण माशी अरुंद भोकात मातीचे घर करते. ते भोक टाकीच्या हवेचे असेल तर आत निर्वात होऊन इंधन उतरत नाही. अशा गोष्टीला क्षुल्लक समजू नये. माझदा कंपनीने २०११ मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५ हजार मोटारी परत बोलावल्या, कारण एका जातीचे कोळी टाकीच्या बाष्पनळीत जाळे विणत होते आणि दाबातील फरकामुळे टाकीला तडा जाण्याची शक्यता होती. कोळी कीटक नव्हेत, पण नळीला हा भेद कळत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. याचा अर्थ महाराष्ट्रातील कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी सांडलेले पेट्रोल पेट घेण्याइतके बाष्प देत असते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास बाष्प मिसळले तरी ते पेटू शकते. हे बाष्प हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने खाली बसते, जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात साठते. वाहनाखाली उताणे झोपून काम करणाऱ्याचे तोंड नेमके याच थरात असते. सर्व्हिसिंगचा खड्डा, बंद शेड, गोठ्याचा कोपरा या जागा म्हणूनच अयोग्य. अडचणीची जागा वाहनात असते, ती बदलता येत नाही. पण वाहन जेथे उभे आहे ती जागा बदलता येते. वाहन ढकलून मोकळ्या जागी आणावे, इंजिन सुरू करून नव्हे. वाऱ्याच्या दिशेला चूल, शेगडी, चालू वीजपंप नसावा.

डिझेलबाबत अनेक जण निर्धास्त असतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतील तापमानच त्याहून वर जाते. तापलेल्या इंजिनाजवळ तर बोलायलाच नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. रात्रभर थांबणे सर्वांत उत्तम.

प्रकाशासाठी बॅटरीवरील बंदिस्त एलईडी दिवाच वापरावा आणि तो वाहनाजवळ येण्यापूर्वी सुरू करावा. साध्या बल्बवर थेंब पडला तर काच तडकते आणि आतील तार काही क्षण लालच राहते. अलीगंजला टळले ते एवढेच. एबीसी प्रकारचे कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि घमेलेभर कोरडी माती हाताशी हवी, आणि ती वापरणारा दुसरा माणूस वाहनाबाहेर उभा हवा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकू नये, ते पेट्रोलला सोबत घेऊन पसरते. वाहन उचलायचेच असेल तर चाकांना उटी लावावी आणि भार पक्क्या स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर वाहनाखाली जाऊ नये.

आता दाबाविषयी. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलींत कॉक बंद केला की नळीतील पेट्रोल थांबते. इंधन इंजेक्शनच्या मोटारी आणि अलीकडच्या मोटारसायकलींत मात्र टाकीतील पंप नळीत साधारण तीन ते चार बार दाब ठेवतो. मोटारीच्या टायरमधील हवेपेक्षा हा दाब जास्त आहे आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. सांधा उघडताच पेट्रोलचा फवारा थेट डोळ्यांत जातो. गळती थोडी आणि इंजिनापासून दूर असेल तर मेकॅनिक पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, त्यामुळे दाब उतरतो. गळती धारेने असेल तर मात्र इंजिन सुरू करण्याचा विचारही करू नये. फुटलेल्या नळीतून दाब आपोआप उतरतो, काही तास वाट पाहावी. नंतर टाकीचे झाकण एकदा उघडून लावावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. तार सोडवताना बारीक ठिणगी पडू शकते, म्हणून हे काम पेट्रोल काढण्यापूर्वी आणि वास विरल्यावर करावे. सांधा उघडताना त्यावर जाड सुती कापड गुंडाळावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. फवारणीचा चष्मा येथे चालतो. फवारणीचे कपडे मात्र चालत नाहीत, कारण त्यांवर आधीच विद्रावकाचे डाग असतात.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक मर्यादा ठामपणे पाळावी. टाकीपासून फिल्टर आणि फीड पंपापर्यंतची रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी कमी दाबाची असते, ती बदलता येते. त्यापुढच्या धातूच्या नळ्यांना हात लावू नये. कॉमन रेल प्रकारच्या इंजिनांत तेथील दाब हजार बारच्या वर जातो. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार त्वचा भेदून आत शिरते; जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी धार कोठून येते हे बोटाने चाचपून पाहू नये, आणि लागलीच तर तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

पेट्रोल काढताना तोंडाने ओढण्याची सवय सर्वत्र आहे. ठसका लागून फुप्फुसात गेलेले चमचाभर पेट्रोलही गंभीर न्यूमोनिया घडवते. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. विषबाधेच्या प्रशिक्षणात पेट्रोलियम विद्रावकांविषयी आपण जे शिकवतो तेच येथे लागू आहे. काढलेले पेट्रोल इंधनासाठीच्या झाकणबंद डब्यात, डबा जमिनीवर ठेवून भरावे. कीटकनाशकाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही नाही.

कोणती नळी, कोणता जोड

फुटलेल्या नळीवर लुगदी, चिकटपट्टी किंवा झटपट डिंक लावून काम भागत नाही. नायलॉन आणि पॉलिथिलीनवर हे पदार्थ नीट धरत नाहीत आणि पेट्रोलने ओल्या पृष्ठभागावर तर मुळीच नाहीत. खराब भाग कापून काढणे किंवा दोन सांध्यांमधील पूर्ण नळी बदलणे, हेच दोन मार्ग आहेत. शक्य असेल तेथे दुसरा निवडावा, कारण प्रत्येक नवा जोड ही गळतीची एक नवी जागा असते.

पारदर्शक लेव्हलची नळी पीव्हीसीची असते. तिला मऊ ठेवणारे द्रव्य पेट्रोल धुऊन काढते, मग ती आकसते आणि कडक होते. अलीगंजला घडले ते हेच. ठिबकची मायक्रोट्यूब फवारणी पंपाला बसवल्याचे प्रसंग क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी पाहिले असतील. ती पॉलिथिलीनची असते, पेट्रोलमध्ये फुगते आणि सिलिंडरच्या उष्णतेने मऊ पडते. सिलिकॉनची नळी दिसायला उत्तम, उष्णतेलाही टिकते, पण पेट्रोलने फुगते. दुकानात 'पेट्रोलची नळी' एवढेच न म्हणता यंत्राचे नाव आणि वर्ष सांगावे, इथेनॉल मिश्रणाला चालणारी आहे का ते विचारावे आणि नळीवर छापलेली खूण पाहावी. एसएई जे३० आर७ ही खूण कार्बोरेटरच्या कमी दाबाच्या नळीची, आर९ ही इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या नळीची असते. कमी दाबाची नळी इंजेक्शनच्या मोटारीला बसवणे हा स्वस्तातला धोका आहे.

क्लिपेच्या निवडीत बऱ्याच चुका होतात. जुबली क्लिपेच्या पट्टीला खाचा असतात. जोरात आवळली की त्या रबरात रुततात आणि तेथूनच पुढची भेग सुरू होते. इंधननळीसाठी गुळगुळीत आतल्या बाजूची, कडा बाहेर वळवलेली क्लिप मिळते, ती घ्यावी. कडक नायलॉनच्या नळीवर तर कोणतीही क्लिप आवळून उपयोग होत नाही. नायलॉन दबत नाही, चिरते.

दोन बोटांच्या जागेत

अडचणीच्या जागेतील बहुतेक अपघात घाईने होतात: हात पोहोचत नाही, म्हणून पक्कडीने ओढले जाते आणि चांगला सांधा मोडतो. हात घालण्यापूर्वी आजूबाजूचे काय काढता येईल ते पाहावे. मोटारीत मागच्या आसनाखालील झाकण, मोटारसायकलीत टाकीचे दोन बोल्ट, फवारणी पंपात इंजिनाचे आवरण. हे काढायला पाव तास लागतो आणि दोन बोटांची जागा वीतभर होते. मूळ नळीचा मार्ग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रात टिपून ठेवावा, म्हणजे नवी नळी सायलेन्सरपासून मूळच्याच अंतरावर जाते.

नायलॉन नळीच्या टोकांना सहसा क्विक कनेक्टर असतो. त्याभोवती माती बसलेली असते आणि मातीमुळेच तो निघत नाही. आधी ब्रशने साफ करावा, नळी जोडाच्या दिशेने थोडी आत ढकलावी, मग दोन्ही बाजूंच्या खुंट्या दाबून सरळ बाहेर ओढावी. तिरके ओढले की आतील रबरी कडी फाटते. एकदा काढलेली कडी आणि तुटकी खुंटी पुन्हा वापरू नये. परत बसवताना 'टक' असा आवाज आला तरी नळी मागे ओढून खात्री करावी.

मधला भाग कापूनच जोड द्यायचा असेल तर नायलॉनसाठी बनवलेला, नळीच्या नेमक्या व्यासाचा दातेरी जोड घ्यावा. नळी धारदार पात्याने काटकोनात कापावी. हॅकसॉने कापल्यास बुकणा आत जाऊन इंजेक्टर बंद करतो. दातेरी टोकावर कडक नायलॉन चढत नाही, तेव्हा बरेच जण लायटर पेटवतात. हे प्राणघातक आहे, आणि ज्योतीने नायलॉन एका बाजूला जळून पातळही होते. वाहनापासून दूर, नव्या नळीचे टोक थर्मासमधील उकळत्या पाण्यात मिनिटभर धरावे, पुसावे आणि लगेच सरळ दाबून बसवावे. वाहनावरच राहणाऱ्या टोकासाठी त्याच गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळावे. फुटलेला भाग गाडीखाली असला तरी नव्या तुकड्याचे एक टोक बाहेर बाकावर जोडून घेता येते, मग आत एकच सांधा बसवायचा राहतो. तोही जमत नसेल, तर पूर्ण नळी मागवावी. इंजेक्शनच्या मोटारीत माझा सल्ला बहुधा हाच असेल.

फवारणी पंप आणि ब्रश कटरमध्ये नळी टाकीच्या भोकातील रबरी ग्रोमेटमधून आत जाते आणि तिच्या टोकाला गाळणी असते. जुनी नळी ओढून काढताना गाळणी टाकीत पडते, ती वाकवलेल्या तारेने बाहेर काढावी. नव्या नळीचे टोक तिरपे कापावे, त्यावर टू-टी तेलाचा थेंब लावावा, अणकुचीदार टोक ग्रोमेटमधून आत सारावे आणि टाकीच्या तोंडातून चिमट्याने धरून बाहेर घ्यावे. नंतर तिरपा भाग काटकोनात कापून गाळणी बसवावी. ग्रोमेट कडक झाला असेल तर तोही बदलावा. अनेकदा गळती नळीतून नसून तेथूनच असते.

तपासणी आणि नंतरची काळजी

सांडलेले सर्व पुसून, फडकी बाहेर उघड्यावर वाळत टाकून, वास पूर्ण गेल्यावरच बॅटरी जोडावी. इंजेक्शनच्या वाहनात चावी दोन-तीन वेळा फक्त चालू-बंद करावी. पंप दाब भरतो आणि इंजिन न चालवता सांधे पाहता येतात. सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद फिरवला की बारीक ओलही दिसते. नंतर पाच मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, पुन्हा पाहावे. डिझेल ट्रॅक्टरमध्ये टाकी आणि फीड पंप यांमधील सैल सांधा गळत नाही, उलट हवा ओढतो. ट्रॅक्टर 'एअर धरू' लागला तर दुरुस्त केलेला सांधाच आधी संशयास्पद समजावा. फवारणी पंप दुरुस्तीनंतर रात्रभर कागदावर उभा ठेवून सकाळी पाहावा, तोपर्यंत पाठीवर घेऊ नये.

भुंगेरा किंवा उंदीर दूर राहावा म्हणून इंधननळीवर कीटकनाशक मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, हे कीटकशास्त्राच्या बाजूने स्पष्ट सांगणे भाग आहे. ईसी औषधातील विद्रावक नळी खराब करतात आणि घरगुती फवाऱ्याच्या डब्यातील वायू स्वतःच ज्वलनशील असतो. नळीवर धातूच्या बारीक विणीचे आवरण चढवणे अधिक उपयोगाचे आहे. उंदरांसाठी पिंजरा वाहनाजवळ ठेवावा. विषारी वड्या बॉनेटमध्ये नव्हे, बिळाजवळ आणि मुलांच्या, जनावरांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. वाहनात किंवा शेजारी धान्य, पेंड, बियाण्याच्या पिशव्या राहू देऊ नयेत. हंगाम संपल्यावर फवारणी पंपाची टाकी रिकामी करून, इंजिन उरलेले पेट्रोल संपेपर्यंत चालवून मगच ठेवावा. इथेनॉल हवेतील ओल शोषते, पावसाळ्यात पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि नळीचे तोंड नेमके तेथेच असते.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांना एक विनंती. काढलेला नळीचा तुकडा फेकू नये. तो उन्हात वाळवून, छिद्राभोवती शाईने खूण करून कागदी पाकिटात ठेवावा. छिद्रात भुंगेरा सापडला तर तो चिमट्याने हळूच काढून ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकावा. सोबत गाव, तारीख, वाहनाचा प्रकार व वर्ष, ते रात्री कोठे उभे असते आणि जवळ कोणती झाडे किंवा लाकडाचे ढीग आहेत, एवढे पेन्सिलीने लिहून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षण तज्ज्ञांकडे द्यावे. छिद्र रिकामे असले, तरी त्याचा व्यास आणि कडा यांवरून पुष्कळ कळते.